पुणे ते सासवड : पावसातल्या एका मजलेबद्दल खुले पत्र

प्रति,
आषाढी वारीचे नियोजन आणि पालखी मार्गाची देखभाल ज्यांच्याकडे आहे, असे सर्व शासकीय अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

विषय : ज्येष्ठ वद्य एकादशीच्या दिवशी हडपसर ते सासवड या वाटेवर पायी चालणाऱ्या वारकऱ्यांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या, सोयीबद्दल.

महोदय, महोदया,

जय हरी.

वारी सुरू होण्याच्या पुष्कळ आधी आमच्या दिंडीने एक निवेदन दिले होते. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या एका दिवसापुरते, हडपसरच्या पुढे घाटमाथ्यापर्यंत, पावसापासून आडोसा मिळेल असे तात्पुरते निवारे उभारावेत आणि बायकांसाठी वाटेत स्वच्छतागृहे असावीत, एवढीच त्यात मागणी होती. निवेदनाची पोच मिळाली. उत्तर मिळाले ते तोंडी : वारकऱ्यांना पावसाची सवय असते, सगळी सोय मुक्कामाच्या ठिकाणी केलेली आहे, मधल्या वाटेवर वेगळे काही करण्याची आवश्यकता वाटत नाही. त्यानंतर वारी आली, तो दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत पावसात गेला आणि निवेदनात जे जे होईल म्हणून लिहिले होते ते सगळे झाले. म्हणून या वेळी टपालात दुसरे निवेदन न टाकता हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आमच्या सोहळ्यात गाऱ्हाणे मांडण्याची एक रीत आहे, ती आपल्यापैकी ज्यांनी तळावर येऊन पाहिली असेल त्यांना ठाऊक असेल. पालखी मुक्कामाला पोहोचली की समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोळा होतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंच करतात आणि हजारो टाळ-मृदंगांचा गजर एकदम थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याजवळ जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मगच आरती होते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, त्या शिस्तीत तक्रार करणाऱ्याला कोणी बेशिस्त म्हणत नाही. हे पत्रही त्याच भावनेने वाचावे.

मी मराठवाड्यातल्या एका गावची आहे. आरोग्यसेविका म्हणून खेड्यापाड्यांत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गावच्या दिंडीबरोबर चालू लागले. आमची दिंडी लहान आहे. रथापुढच्या किंवा रथामागच्या क्रमांकांत ती नाही. आम्ही मोकळ्या समाजात चालतो. दिंडीत बायका जास्त, त्यातल्या बहुतेक साठी उलटलेल्या, कोरडवाहू शेतीत जन्म काढलेल्या, पेरणीचे मुलांवर सोपवून आलेल्या. वर्षभर कोंबड्या विकून, रोजगाराला जाऊन जे पैसे साठवतात त्यातून त्या दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरतात. संध्याकाळी राहुटी लागली की पाय दाखवायला त्या माझ्याकडे येतात. या पत्रात जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे मला त्या पायांनी दाखवले आहे.

ज्यांनी ही वाट पायी केली नाही त्यांच्यासाठी दिवसाचा हिशेब सांगते. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, नवमीला पुण्यात येते, दशमीला तिथेच राहते आणि बहुतेक वर्षी एकादशीला पहाटे भवानी पेठेतून सासवडची वाट धरते. सुमारे ३० किलोमीटरची ही मजल सगळ्या वारीत सर्वांत मोठी मानली जाते. ती उपवासाच्या दिवशी येते, आणि तिच्या शेवटी, जेव्हा पाय आधीच थकलेले असतात, तेव्हा दिवे घाटाची चढण येते, जिथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. घाट चढला म्हणजे मजल संपली असेही नाही. झेंडेवाडीवरून सासवडच्या तळापर्यंतची चाल उरलेलीच असते आणि ती अनेकदा अंधारात होते. यात पाऊस अनपेक्षित म्हणता येईल असे काही नाही. वारी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशीच येते. एकादशी कोणत्या तारखेला येणार हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते, आणि पावसाचा अंदाज देणारे हवामान विभागाचे कार्यालय पुण्यातच आहे.

यंदा पाऊस पहाटेच लागला होता. पुणे शहरात त्याचा त्रास जाणवला नाही, कारण शहरात माणसे आहेत. दुकानांच्या पायऱ्या, सोसायट्यांची प्रवेशद्वारे, मंडळांचे मांडव, सगळे उघडे होते; चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडी यांची कमतरता नव्हती. पुणेकरांच्या या प्रेमाबद्दल आमच्या मनात कायम कृतज्ञता आहे. हडपसर मागे पडले की चित्र बदलते. मंतरवाडी फाटा, उरुळी देवाची, वडकी या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला गोदामे, वजनकाटे, गॅरेजे आणि बंद शटर. उभे राहायला जागा नाही. पूर्वी ज्या मोठ्या झाडांखाली दिंडी पाऊस ओसरेपर्यंत टेकत असे, ती झाडे पालखी मार्गावर रस्ता रुंद होता होता बऱ्याच ठिकाणी गेली. वारकरी डोक्यावरून जो प्लास्टिकचा कागद घेतात त्याची गाठ हनुवटीखाली मारलेली असते, आणि तासाभराच्या मुसळधार पावसानंतर पाणी मानेवरून आत उतरू लागते. मग कागद असून नसून सारखाच. नऊवारी लुगडे एकदा भिजले की त्याचे वजन वाढते, ओचा आणि निऱ्या चिखलाने जड होतात, आणि त्या वजनासह ती बाई पुढचा घाट चढते.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार स्वच्छतागृहांबद्दल आहे. अलीकडच्या काही वर्षांत मुक्कामाच्या गावांत फिरती स्वच्छतागृहे मोठ्या संख्येने येऊ लागली, त्यामुळे गावांची घाण कमी झाली आणि बायकांची लाजही वाचली, हे मान्य करायलाच हवे. परंतु पुणे आणि सासवड यांच्या मध्ये, ज्या वाटेवर आम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत असतो, तिथे आम्हाला यंदा जी मोजकी स्वच्छतागृहे दिसली त्यांच्यापुढे घोटाभर चिखल होता, पिंपात पाणी नव्हते आणि पायरी इतकी उंच की गुडघे दुखणाऱ्या बाईला दुसरीने खालून ढकलावे लागे. आमच्यातल्या एक आजी तिथेच घसरल्या. त्यानंतर कोणी त्या बाजूला गेले नाही. तीन-चार जणी अंगावरचे प्लास्टिकचे कागद सोडवून त्यांचा आडोसा धरत, पाचवी मध्ये बसे, आणि रस्त्यावरून माणसे जात असत. सत्तर वर्षांच्या बाईला हे करावे लागते तेव्हा ती काय बोलेल? ती काही बोलत नाही. ती पाणी पिणे सोडते.

हे मी आरोग्यसेविका म्हणून लिहीत आहे. एकादशीचा उपवास, दिवसभराची चाल आणि लघवीला जावे लागू नये म्हणून मुद्दाम न प्यायलेले पाणी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घाटात चक्कर येते, पायात गोळे येतात, लघवीची जळजळ सुरू होते आणि पुढे जेजुरी-वाल्ह्यापर्यंत ताप चढतो. ज्यांना मधुमेह आहे आणि ज्या गोळी घेऊन उपवास करतात, त्यांची साखर एकदम खाली येते. अंगाला दरदरून घाम सुटलेला असतो, पण पावसात भिजलेल्या अंगावर तो घाम कोणाला दिसत नाही. यंदा आमच्या दिंडीतल्या एका बाईचे असे झाले. ती असंबद्ध बोलू लागली तेव्हा आजूबाजूच्यांना वाटले, भजनात तल्लीन झाली असेल. जवळ गूळ होता म्हणून निभावले. रुग्णवाहिका घाटाच्या पायथ्याशी होती आणि आम्ही चढणीच्या मध्यावर होतो. मध्ये माणसांची भिंत होती.

दुसरी तक्रार पायांची. भिजलेल्या पायांनी दिवसभर चालल्यावर बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, सुटते आणि तिथे चिखल्या होतात. रबरी चप्पल चिखलात निसटते म्हणून बायका ती हातात घेतात आणि अनवाणी चालतात. रस्त्याच्या कडेला काम चालू असलेल्या ठिकाणी टाकलेली खडी अनवाणी पायाला काय करते हे सांगायला नको. सासवडला त्या रात्री मी एका आजींचा पाय कंदिलाच्या उजेडात धरला होता. टाचेच्या भेगेत खडीचा गव्हाएवढा तुकडा रुतलेला होता आणि त्यावर चिखल वाळला होता. त्यांना तो दुपारपासून टोचत होता. थांबायला कोरडी जागा नव्हती म्हणून त्या तशाच चालत आल्या होत्या. आरोग्य पथके मुक्कामाला असतात, तिथले डॉक्टर आणि परिचारिका रात्री उशिरापर्यंत काम करतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र पायाची जखम धुऊन, कोरडी करून, पट्टी बांधायला लागणारी सामग्री आणि वेळ त्यांच्याकडे नसतो. रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला ताप-अंगदुखीची गोळी मिळते आणि ती त्याच ओल्या चपलेत परत जाते.

तिसरी तक्रार वाहनांची आहे आणि ती दोन प्रकारची आहे. एक म्हणजे आमच्या सामानाचे ट्रक. दिंडीचा संसार ट्रकात असतो : राहुट्या, अंथरुणे, कोरडे कपडे, शिधा, भांडी, औषधे. चालणारे घाटाने जातात आणि ट्रक दुसऱ्या वाटेने आधी पुढे जाऊन तळावर पोहोचतील, राहुट्या लावतील, अशी ही व्यवस्था आहे. यंदा आमचा ट्रक वाहतुकीच्या कोंडीत अडकला, आणि सासवडच्या जवळ पोहोचल्यावर ज्या शेतात आम्हाला जागा मिळाली होती तिथे त्याची चाके रुतली. रात्री आम्ही तिथे आलो तेव्हा राहुटी नव्हती, कोरडे लुगडे नव्हते, चूल पेटणार नव्हती. दिवसभर उपाशी, भिजलेल्या म्हाताऱ्या बायका एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली एकमेकींना टेकून उभ्या होत्या आणि दात वाजत होते. शेजारच्या एका घरातल्या बाईने दार उघडले, जितक्या मावल्या तितक्या आत घेतल्या आणि आपल्या साड्या बदलायला दिल्या. तिचे नाव मी इथे लिहीत नाही, पण आपल्या सगळ्यांच्या वतीने जे काम व्हायला हवे होते ते त्या रात्री त्या एका घराने केले. ट्रक निघाला तो पहाटे, गावातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर जोडून ओढल्यावर. ज्या दिंड्यांना क्रमांक आहेत त्यांच्या जागा तळावर ठरलेल्या असतात; मोकळ्या समाजातल्या लहान दिंड्यांनी कुठे उतरायचे याचा विचार नियोजनात कुठेच दिसत नाही, आणि पावसात सर्वांत खोलगट, सर्वांत चिखलाची जागा आमच्याच वाट्याला येते.

दुसरा प्रकार घाटातल्या वाहनांचा. घाट सर्वसाधारण वाहतुकीला बंद ठेवला जातो आणि पोलीस बांधव पावसात उभे राहून तो सांभाळतात, हे खरे आहे. तरीही पास लावलेल्या, दिवा लावलेल्या, पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या गाड्या मधूनमधून येतात आणि चालणाऱ्यांना कडेच्या गटारात उतरावे लागते. त्या गटारातून त्या वेळी डोंगरावरचे पाणी वाहत असते. याच दिवे घाटात नोव्हेंबर २०१९ मध्ये संत नामदेव महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीला निघालेल्या दिंडीत जेसीबी घुसला आणि दोन वारकऱ्यांचा प्राण गेला. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. उतारावर अवजड वाहन आणि पायी माणसे एकाच वेळी असता कामा नयेत, हे समजण्यासाठी दुसऱ्या अपघाताची वाट पाहावी लागू नये.

घाटात हौसेने पाहायला येणाऱ्यांबद्दलही थोडे लिहायला हवे. वळणावळणाने चढणाऱ्या पताकांचे दृश्य सुंदर असते आणि ते टिपावेसे वाटते यात गैर काही नाही. पण डोंगराच्या उतारावर चढून बसलेल्या माणसांच्या पायांनी ओल्या मातीतले दगड सुटतात आणि ते खाली रस्त्यावर येतात. आमच्यापुढे काही अंतरावर एक दगड आला. कोणाला लागला नाही.

स्वागतकमानी आणि फलकांचा मुद्दा छोटा आहे, तरी सांगते. रस्त्याच्या दोन्ही कडांना पाय रोवून उभ्या केलेल्या कमानी जिथे जिथे होत्या तिथे दिंडी आकसत होती, मागून रेटा येत होता आणि वाऱ्याने फलकांचे कापड सुटून फडफडत होते. वारकऱ्यांचे स्वागत करणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. त्यांनी कमानीच्या जागी तेवढ्याच खर्चात एक पत्र्याचा मांडव घातला असता, तर शंभर माणसे तासभर कोरडी बसली असती.

आता आपल्याकडून जे उत्तर आले त्याबद्दल. वारकऱ्यांना पावसाची सवय असते, हे अर्धे खरे आहे. शेतात राबणाऱ्या माणसाला पावसाची सवय असते, पण शेतातला माणूस भिजला तर घरी येतो, अंग पुसतो, चुलीपाशी बसतो. त्या दिवशी चालणाऱ्या बाईला दहा-बारा तास ओल्या अंगाने राहावे लागते आणि घाटमाथ्यावर आल्यावर जो वारा लागतो त्याने अंगातली ऊब निघून जाते. वय झालेल्या शरीराला ही सवय करून घेता येत नाही. काही लोक, त्यात आमच्यातलेही काही, असे म्हणतात की वारी ही तपश्चर्या आहे, कष्ट झाले तर बिघडले कुठे. त्यांना मी आदराने सांगते की तीस किलोमीटर चालणे, घाट चढणे, उपवास करणे हे कष्ट आम्ही आनंदाने पत्करले आहेत आणि त्यात कोणी सूट मागत नाही. पाणी न पिता चालणे, रस्त्याच्या कडेला आडोसा शोधणे, रात्री ओल्या कपड्यांत उभे राहणे, हे आमच्या नेमात कुठे नाही. संतांनी वाट घालून दिली ती बायाबापड्यांना, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, लहान लेकरांना घेऊन चालायची वाट आहे. धडधाकट माणसालाच जी चालता येईल ती वाट त्यांची नव्हे.

शासनाने वारीसाठी काही केले नाही असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये वारीच्या ३० दिवसांसाठी वारकऱ्यांना विमाछत्र जाहीर झाले, त्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख रुपये देण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवे घाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर आणि पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर अशा या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग असेल असे तेव्हा सांगितले गेले. या सगळ्याची जाणीव ठेवूनच मी विचारते की जी बाई आज घाटात चक्कर येऊन बसली आहे तिला यातले नेमके काय उपयोगी पडते? विम्याची ती पाच लाखांची रक्कम मेल्यावर मिळते. अनुदानातून आम्ही ट्रकचे भाडे भागवतो, पण त्या पैशांत घाटमाथ्यावर निवारा उभारण्याचा अधिकार आम्हाला मिळत नाही. तो अधिकार आणि ती यंत्रणा आपल्याकडे आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्ह्याचा आपत्ती आराखडा आधी तयार ठेवणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. ज्या दिवशी लाखो माणसे एका घाटातून भर पावसाळ्यात पायी जाणार हे आधीपासून ठाऊक असते, त्या दिवसासाठी पावसाचा स्वतंत्र आराखडा नसणे मला मान्य नाही.

त्यामुळे आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

हडपसर ते सासवड या वाटेवर, दर दोन किलोमीटरच्या आत, त्या दिवसापुरता एक निवारा असावा. त्याला वरून पत्रा, खाली फळ्यांचा किंवा मुरूम टाकून उंच केलेला कोरडा तळ आणि बसायला बाकडी असावीत. नवीन बांधकामाची गरज नाही. मंतरवाडी ते वडकी या पट्ट्यातली गोदामे, शाळा, मंगल कार्यालये यांच्या मालकांशी आणि व्यवस्थापकांशी महिनाभर आधी बोलून त्या दिवशी ती उघडी ठेवता येतील. माझा अनुभव असा आहे की मागितले तर बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत, फक्त मागायला कोणीतरी जावे लागते. घाटमाथ्यावर मात्र शासनाने स्वतः मोठा मांडव घालावा, कारण तिथे वारा सर्वांत जास्त असतो आणि माणूस सर्वांत थकलेला असतो.

प्रत्येक निवाऱ्याजवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, त्यांची दारे रस्त्याकडे नसावीत, पुढे मुरूम टाकलेला असावा, धरायला दांडा असावा, पायरी बुटकी असावी, पाणी आणि उजेड असावा. ती जागेवर आहेत की नाहीत हे आदल्या दिवशी एखाद्या महिला अधिकाऱ्याने स्वतः चालत जाऊन पाहावे. गाडीतून पाहून चालणार नाही, कारण चिखल गाडीतून कळत नाही.

घाटाच्या चढणीवर पायथा, मध्य आणि माथा अशा तीन ठिकाणी आरोग्य पथक असावे. त्यांच्याकडे रक्तातली साखर तपासण्याचे यंत्र, ग्लुकोज, कोरडी चादर, गरम पाणी आणि पाय धुऊन पट्टी करण्याची सोय असावी. चिखल्यांवरचे मलम आणि कोरडे सुती पायमोजे वाटले तर गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. उपवास करणाऱ्या मधुमेही वारकऱ्यांनी त्या दिवशी काय काळजी घ्यावी हे पुण्याच्या मुक्कामातच ध्वनिक्षेपकावरून सांगितले जावे, आणि आमच्या कीर्तनकार महाराजांनीही ते सांगावे अशी त्यांनाही माझी विनंती आहे.

दिंड्यांच्या सामानाच्या ट्रकांना आदल्या रात्रीपासून ठरावीक वेळा देऊन पुढे सोडावे. सासवडच्या तळावर, आणि मोकळ्या समाजातल्या लहान दिंड्या उतरतात त्या शेतांच्या तोंडाशी, आधीच मुरूम पसरावा आणि रुतलेले वाहन काढण्यासाठी ट्रॅक्टर किंवा क्रेन रात्रभर तयार ठेवावी. लहान दिंड्यांची नोंद करून त्यांना उतरायच्या जागा वारीआधी कळवाव्यात. ट्रक येईपर्यंत थांबता येईल असे एक मोठे छत सासवडमध्ये असावे, तिथे कोरडे कपडे बदलण्यासाठी बायकांना आडोसा असावा.

शेवटचा वारकरी घाट चढून जाईपर्यंत रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाखेरीज एकही वाहन घाटात नसावे, मग ते कोणाचेही असो. पाहुण्यांनी यायचे असेल तर त्यांनी आमच्याबरोबर चालावे. त्यांचे मनापासून स्वागत आहे. डोंगर उतारावर कोणालाही चढू देऊ नये. कमानी रस्त्यात पाय रोवून उभ्या राहणार नाहीत असा स्पष्ट आदेश निघावा. झेंडेवाडी ते सासवड या भागात रात्री उजेडाची सोय असावी.

पालखी मार्गाचे जे काम अजून व्हायचे आहे, त्यात पायी मार्गाच्या कडेला सावली आणि आडोसा देणारी वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब अशी झाडे लावण्याबरोबर ती जगवण्याची जबाबदारी नावानिशी ठरावी. तोवर पक्के विसावे बांधावेत. आज लावलेल्या झाडाखाली उभे राहायला आमच्यातल्या बऱ्याच जणी नसतील, म्हणून ही तरतूद दोन्ही अंगांनी हवी.

आणि या सगळ्यासाठी त्या एका दिवसाचा, त्या एका वाटेचा, एक जबाबदार अधिकारी नेमावा. आज वाटेतला एक प्रश्न घेऊन गेले की तो महापालिकेचा, ग्रामपंचायतीचा, रस्त्याचा, आरोग्याचा की पोलिसांचा हे ठरेपर्यंत पालखी पंढरपूरला पोहोचते. त्या अधिकाऱ्याचा संपर्क क्रमांक प्रत्येक दिंडीप्रमुखाकडे असावा, पावसाचा आराखडा वारीच्या महिनाभर आधी जाहीर व्हावा, आणि वारी संपल्यावर लहान दिंड्यांच्या प्रतिनिधींना, त्यातही स्त्रियांना, समोर बसवून काय झाले आणि काय राहिले याचा आढावा घेतला जावा.

आमच्याकडून जे होईल ते आम्ही करू. दिंडीतल्या तरुण मुलांना स्वयंसेवक म्हणून द्यायला आम्ही तयार आहोत. पाय तपासायला आणि पट्ट्या बांधायला मी आणि माझ्यासारख्या निवृत्त आरोग्यसेविका येऊ. आम्हाला मानधन नको. स्वच्छतागृहे वापरल्यावर स्वच्छ राहतील याची जबाबदारी प्रत्येक दिंडीने घ्यावी असे मी आमच्या लोकांनाही सांगत असते.

या पत्राचे उत्तर लेखी मिळावे आणि ते जाहीर व्हावे. यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसतील तर का, हे स्पष्ट लिहावे. पुढच्या आषाढीच्या खर्चाच्या मंजुऱ्या आणि निविदा ठरण्याआधी, म्हणजे माघ वारीच्या आत, ते उत्तर यावे, कारण त्यानंतर मिळालेल्या उत्तराने एकादशीच्या दिवशी वाटेवर एकही मांडव उभा राहणार नाही.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एका दिंडीतील वारकरी, निवृत्त आरोग्यसेविका